दाव्याच्या लांबीएवढं अंगण

आमच्या भागात ‘पळ’ असं कुणी म्हणत नाही. ‘पय’ म्हणतात. ळ हे अक्षर आमच्या जिभेला मानवतच नाही. डोळ्यांचे डोये होतात, काळ्याचा काया होतो, आणि पळायचं असलं की आम्ही पयतो. प्रशिक्षणात मॅडमनी मला यावरून टोकलं होतं. मुलांसमोर शुद्ध बोलत जा, म्हणाल्या. मी मान डोलावली आणि गावी येऊन पुन्हा ‘पया रे पोट्टेहो’ सुरू केलं. कारण ‘पळा’ म्हटलं की मुलं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहतात आणि ‘पया’ म्हटलं की अंगणात धूळ उडते. शुद्ध बोलून मूल जागचं हलत नसेल तर त्या शुद्ध बोलण्याचं काय लोणचं घालायचं?

मी अंगणवाडी सेविका आहे. गाव दारव्हा तालुक्यातलं, बोरी अरबच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावरचं. अंगणवाडीची एक खोली, पुढे तारेच्या कुंपणाचं अंगण, आणि फाटकाबाहेर जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान. तीन ते सहा वर्षांची मुलं माझ्याकडे येतात. त्यांनी रोज अंग हलवावं, धावावं, उड्या माराव्यात, तोल सांभाळावा, हे आमच्या कामातच येतं. हातापायांच्या मोठ्या हालचालींना प्रशिक्षणात ‘स्थूल स्नायू’ म्हणतात आणि बोटांच्या बारीक कामांना ‘सूक्ष्म स्नायू’. स्थूल हा शब्द आला तेव्हा माझी मदतनीस माझ्याकडे बघून पदराआड हसली होती. तिला वाटलं, माझंच वर्णन चाललंय.

नावं काहीही द्या, काम साधं आहे. चुन्याची रेघ मारायची, तिच्यावरून चालवायचं. ट्रॅक्टरचं जुनं टायर आडवं टाकायचं, त्यात उडी मारायला लावायची. लंगडी, बेडूकउड्या. मग आत बसून तूर आणि सोयाबीन एकत्र करून निवडायला द्यायचं, सुकलेल्या बोंडातून कापूस ओढायला लावायचा. काही आया म्हणायच्या, पोट्टे दिवसभर गावात उंडारतच असतात, त्यासाठी अंगणवाडी कशाला? त्यांना मी सांगायची की उंडारणाऱ्या पोराची काळजी मला नाहीच. जे उंडारत नाही, त्याची आहे.

हे मी नुसतं तोंडाने बोलायची. असं मूल खरंच समोर आलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

त्या मुलीची गोष्ट सांगायची तर आधी तिच्या भावाची सांगावी लागते. तो माझ्याकडेच होता. काळासावळा, नाक कायम वाहतं, आणि पायाला भिंगरी. मी ‘पया’ म्हणायच्या आधीच तो निघालेला असायचा. फाटकातून मैदानात, शाळेच्या भिंतीला हात लावून परत. बाकीची मुलं अर्ध्यावर असताना हा माझ्या निऱ्यांना येऊन धडकायचा आणि ओरडायचा, ‘पयला मी!’ आमच्याकडे पहिल्यालाही पयलाच म्हणतात. त्याच्यासाठी ते दोन्ही शब्द एकच होते. पय म्हटलं की पयला.

कापूस वेचणीच्या दिवसांत तो गेला. त्याच्या बापाच्या वावराला लागून एका शेतकऱ्याचं शेततळं होतं. तळाला आणि काठाला काळं प्लास्टिक अंथरलेलं. त्याच्यावर पाय ठरत नाही, मोठ्या माणसाचाही नाही. पोर धावत आलं, काठावरून घसरलं आणि गेलं. वर यायला हाताला काही लागलं नसणार.

मी मयतीला गेले. त्याची आई एका कोपऱ्यात बसली होती, कडेला वर्षाचीही नसलेली मुलगी. मला बघून ती उठली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘तुमच्याच अंगणवाडीत पयाले शिकला जी तो.’

तिने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, आणि माझी जीभ काही लहान नाही. पण ती सांगत होती, इतकंच.

पुढे कितीतरी महिने मी फाटक तारेने बांधून ठेवलं. मुलांना अंगणातल्या अंगणात रेघेवर चालवायची. मग वाटलं, हा काय बावळटपणा, आणि मैदान पुन्हा सुरू केलं. पण मुलं भिंतीकडे धावली की माझी नजर त्यांच्यावर नसायची, त्यांच्या पुढे असायची. भिंतीशी आधीच कुणीतरी पोचलेलं आहे असं वाटायचं. एकदा दोन मुलं पहिला नंबर कुणाचा म्हणून भांडत माझ्याकडे आली. तिसरं एक चिमुकलं त्यांना गंभीरपणे समजावू लागलं, ‘तुम्ही नाही बे. पयला तर तोच आला.’ मी विचारलं, ‘कोण तो?’ त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ऊन होतं, दुसरं काही नाही. ते पोर गावात नवीनच राहायला आलं होतं. गेलेल्या मुलाला त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

मुलांना काहीही दिसतं, असं मदतनीस म्हणाली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण त्या दिवशी मी दुपारी जेवले नाही, हे खरं आहे.

गेलेल्या मुलाची बहीण तीन वर्षांची झाली आणि तिची आजी तिला माझ्याकडे घेऊन आली. कडेवर. मी म्हटलं, खाली सोडा, चालू द्या. खाली सोडली तर ती चालली, अगदी व्यवस्थित चालली. पाय ठीक होते, वजन ठीक, उंची ठीक. बोलायची कमी, पण डोळे मोठे आणि बघणारे. मी मनात म्हटलं, चला, हिचं होईल सगळं.

दुसऱ्या दिवशी अंगणात मी ‘पया’ म्हणून ओरडले. सगळी मुलं सुटली. ती उभीच. मी जवळ जाऊन म्हटलं, ‘पय व माय, पय.’ तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मी कानडीत बोलतेय. ‘ये’ तिला कळत होतं. ‘बस’ कळत होतं. ‘थांब’, ‘अठीच राय’, ‘हलू नोको’, हे तर इतकं कळत होतं की शब्द पुरा व्हायच्या आत ती दगडासारखी बसायची. फक्त ‘पय’ तिच्या कानावर कधी पडलाच नव्हता. आमच्या गावातल्या पोराला ‘पय’ ठाऊक नसावा? कोंबडीच्या पिलालाही ठाऊक असतो!

मग मी तिचा हात धरून तिला हळूहळू धाववायला सुरुवात केली. चार पावलं छान आली. अंगणाच्या मध्याच्या थोडं पुढे गेलो आणि ती थांबली. थांबली म्हणजे दमली नाही, घाबरून रडली नाही. मागून कुणी कंबरेला धरून खेचावं तशी थांबली, अंग थोडं मागे झुकलं, आणि ती वळून परत जाग्यावर गेली. मी पुन्हा नेलं. पुन्हा त्याच ठिकाणी तेच. दुसऱ्या दिवशी उभं राहायची जागा बदलून बघितली, पायरीपासून निघालो. पुन्हा तेवढंच अंतर आणि पुन्हा तोच हिसका. मागे बघितलं तर कुणी नाही. मदतनीस तिथे चूल पेटवत होती, तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘इले कोणतरी धरून राह्यलं.’

मी तिला गप्प बसवलं, आणि त्याच दिवशी अंगणवाडी सुटल्यावर त्यांच्या वावरात गेले.

वेचणी चालू होती. आई ओळीत वाकलेली, कंबरेला कापसाची ओटी. धुऱ्यावर, वावराच्या कडेला, एक बाभूळ होती. तिच्या बुंध्याला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली, आणि पट्टीचं दुसरं टोक मुलीच्या कंबरेला. अंगणवाडीतून आलेली मुलगी सावलीत बसून बोंडं सोलत होती. सावली सरकली की ती उठून तिच्याबरोबर सरकायची, पट्टी ताणली की थांबायची. बाभळीभोवती जमीन गोल आणि गुळगुळीत झाली होती, खळ्यासारखी. त्या गोलाच्या बाहेर गवत होतं, आत एक काडीही नव्हती. मी तिथे उभी राहिले आणि मला माझ्या अंगणातलं ते ठिकाण आठवलं.

आमच्याकडे गुराला दावं असतं. लेकराला दावं बांधायचं आम्हाला ठाऊक नाही असं मात्र नाही. वेचणीला जाणाऱ्या बाईने काय करावं? पाळणाघर कुणी काढून ठेवलंय? मी कितीतरी लेकरं बांधलेली बघितली आहेत, घटकाभर, विहिरीजवळ काम असलं की. पण हे घटकाभराचं नव्हतं.

‘कायले बांधून ठेवता व?’ मी आवाज चढवून विचारलं. चढवायचा नव्हता, चढला.

ती सरळ झाली. दूर, तुरीच्या पलीकडे, शेततळ्याचा मातीचा बांध दिसत होता. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. ‘आज सुटली तर उद्या कुठी जाईन?’ ती म्हणाली. ‘बसली हाय ते बरी हाय.’

‘अशानं तिचे पाय तयार होणार नाहीत. शाळेत मुलांमध्ये मागे पडेल. पडली तर स्वतःला सावरता येणार नाही.’ मला जे जे ठाऊक होतं ते मी सगळं सांगितलं. तोल, स्नायू, वाढीचं वय. ती ऐकत होती आणि हाताने कापूस वेचत होती. शेवटी म्हणाली, ‘त्याचे पाय लय तयार होते जी.’

जाताना मी वाकून पट्टीची गाठ बघितली. अगदी ढिली, सुरगाठ. ओढली की सुटावी अशी.

‘ही तर तिला सुटेल,’ मी म्हटलं.

‘सुटते न. गाठी सोडाले तर लय हुशार हाय. माह्या ओटीची गाठ थेच सोडते.’ आईच्या आवाजात जरासं कौतुक आलं. ‘पण आपली सोडत नाही.’

तसं ते खरंच होतं. बोटांच्या कामात त्या मुलीच्या जवळपास कुणी नव्हतं. मणी ओवणं, बटण लावणं, सुतळीची गुंतवळ सोडवणं, सगळं ती मान खाली घालून करायची आणि मुलं तिच्यापुढे आपापल्या चड्डीच्या नाड्या घेऊन उभी राहायची. पर्यवेक्षिका मॅडम आल्या तेव्हा तिच्या बोटांवर इतक्या खूश झाल्या की मोबाईलवर फोटो काढून घेऊन गेल्या. त्या हुशार बोटांना स्वतःच्या कंबरेची गाठ दिसत नव्हती, की दिसत होती आणि सोडायची नव्हती? मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी रोज तिला घेऊन चालले. चिडून, चुचकारून, चिंचेचा गोळा दाखवून. वर्षभर माझं ‘पय’ तिच्या अंगावरून पाण्यासारखं ओघळून गेलं. मधल्या काळात मुलांच्या आयांना मी खेळ बघायला बोलावलं. ही आईही आली, फाटकाशी उभी राहिली. मुलगी इतरांबरोबर निघाली, चालत, आणि नेहमीच्या ठिकाणी तिला हिसका बसला. कंबरेला काहीही नव्हतं. आईने ते बघितलं. मला वाटलं, आता हिला कळेल. आता ही रडेल.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘आता दावं नाही लागत.’

आणि दुसऱ्या दिवसापासून तिने खरोखरच बांधणं सोडलं. मुलगी बाभळीखाली मोकळी बसायची, आणि त्या गुळगुळीत गोलाच्या बाहेर पाऊल टाकायची नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी एका सकाळी आई अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसली. मुलगी मांडीवर. कामाचा दिवस, आणि ही इथे कशी, म्हणून मी बाहेर आले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

आदल्या दिवशी तुरीतून रानडुक्कर सुटलं होतं. कुत्र्यांनी उठवलेलं, पिसाळल्यासारखं, थेट बाभळीच्या दिशेने. बायका ओरडल्या. ही ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती. मुलगी डुक्कर येताना बघत होती. मोकळी होती. उठून दहा ठिकाणी जाता आलं असतं. ती बसून राहिली.

‘मी बोंबलली जी. उठ म्हनलं, ये म्हनलं, बापा रे म्हनलं. सारं म्हनलं.’ तिने मुलीच्या केसांवर हात ठेवला. ‘थो एक शब्दच नाही आला तोंडात. आन इले तरी कुठी समजला असता? मी कधी म्हनलाच नाही इच्यापुढं. घरात कोनाले म्हनू देत नाही.’

डुक्कर बाजूने गेलं. धूळ उडाली, बोंडं तुडवली गेली, मुलीला ओरखडाही नाही.

‘का म्हणू देत नाही?’ मी विचारलं.

आत मुलं गाणं म्हणत होती, बेसूर आणि जोरात. मग तिने मुलीच्या कानांवर हात धरून खालमानेने सांगितलं. पोर गेलं त्या दिवशी बाप धुऱ्याच्या पलीकडे, शेततळ्याच्या बाजूला, वखर दुरुस्त करत होता, आणि त्याने पाणी मागितलं होतं. तिने पोराच्या हातात बाटली दिली. पोर खेळात होतं, रेंगाळत होतं. ‘मीच म्हनलं त्याले. पय लवकर, म्हनलं. बाप तहानला असन, पय.’

मला तोपर्यंत वाटत होतं की त्या घरात माझ्यावर ठपका आहे. एवढी वर्षं मी तो वागवत होते, आणि तिने तिचा वागवत माझ्या दारावरून रोज जाणं-येणं केलं होतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. तुझा काही दोष नाही, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण हे तिला गावातल्या सगळ्या बायकांनी सांगून झालं असणार, आणि उपयोग काय झाला?

‘इले शिकवा जी,’ ती म्हणाली. ‘पयाले शिकवा.’

‘माझ्या शब्दावर ती जात नाही. वर्ष झालं. तुम्ही म्हणा.’

तिने मान हलवली. नाही नाही नाही. मग डुक्कर आठवलं असेल. उठली.

मी फाटक उघडलं. मदतनीसने मुलांना आत बसवून ठेवलं. मैदान रिकामं होतं, शाळेत तास चालू होता. ‘त्या भिंतीपर्यंत,’ मी म्हटलं. ती कुठली भिंत हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मुलगी आईच्या पायाशी उभी होती. आई पुटपुटली. मलाही ऐकू आलं नाही, मुलीला कुठून येणार? दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मुलीने वर बघितलं. हा नवा शब्द आईच्या तोंडून आलाय हे तिला कळलं आणि ती चालायला लागली. अंगणाचा मध्य ओलांडला आणि तिला हिसका बसला. अंग मागे झुकलं. ती वळून आईकडे बघू लागली.

‘पय!’ आई ओरडली. आवाज फाटला. ‘पय व माह्ये माय, पय!’

आणि ती सुटली. काय ते धावणं! हात दोन्हीकडे हलताहेत, पाय फाकलेले, अंग पुढे, तोल कशाचाच नाही. ती आता पहिलीत आहे आणि चांगली धावते, दमही चांगला आहे तिला. पण तसं धावताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही. फाटकातून गेली. मैदानात शिरली.

आई मटकन खाली बसली. पदर डोळ्यांवर घेतला आणि दुसऱ्या हाताने माझ्या साडीच्या निऱ्या मुठीत धरल्या, इतक्या घट्ट की मला पाऊल उचलता येईना.

‘थांबली का?’

‘नाही.’

‘पडली?’

‘नाही. पयून राह्यली.’

‘माह्यानं पाहवत नाही जी. तुम्ही पाहा. डोया हलवू नका.’

मी डोळा हलवला नाही. भिंत जवळ येत होती. तिला थांबायचं कसं ते ठाऊक नव्हतं. धावणंच आज शिकली, थांबणं कुणी शिकवणार होतं? भिंतीला तिचा हात घासला, ती तशीच वळली आणि कोपऱ्याआड गेली. समोर नुसती भिंत राहिली, तिच्यावर रंगवलेली बाराखडी आणि ऊन. पावलं वाजत होती. एकाच मुलाची होती की नाही, हे मी ऐकत होते.

‘बाई,’ निऱ्यांना हिसका बसला. ‘दिसून राह्यली का जी?’

‘दिसून राह्यली,’ मी म्हटलं.